मी कोणती संकेतस्थळे उघडतो, हे सरकारला दिसते का?

प्रश्नकर्ते छत्रपती संभाजीनगरात खोली घेऊन राज्यसेवेची आणि पोलीस उपनिरीक्षक पदाची तयारी करत आहेत. अंतर्गत सुरक्षा या घटकासाठी माओवादी संघटना, स्फोटकांच्या घटना आणि सीमेपलीकडचे गट यांविषयी ते अभ्यासिकेच्या वाय-फायवर बरेच वाचतात. सोबतच्या मित्राने त्यांना सांगितले की सरकारला हे सगळे दिसते आणि उद्या चारित्र्य पडताळणीत ते निघेल. म्हणून त्यांनी विचारले आहे की हे खरे आहे का, इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) किंवा व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत झाकून नेणारी सेवा) वापरल्याने काही फरक पडतो का आणि अभ्यासिकेचे मालक आधार कार्डाची प्रत मागत आहेत ती द्यावी का.

मी मराठवाड्यातील काही तालुक्यांमध्ये घरोघरी ब्रॉडबँड पोहोचवणाऱ्या एका लहान सेवादात्याकडे जाळ्याचे तांत्रिक काम पाहतो आणि पोलिसांकडून येणाऱ्या माहितीच्या मागण्यांना उत्तर देण्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे. मी वकील नाही. कायद्याविषयी खाली जे लिहिले आहे ते या कामासाठी जेवढे वाचावे आणि पाळावे लागते तेवढ्यावर आधारलेले आहे.

सर्वप्रथम प्रश्न नीट मांडून घेऊ. ‘सरकार पाहते का’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एखाद्या ठरावीक व्यक्तीच्या जोडणीवर चालू वेळी पाळत ठेवणे ही पहिली. सर्वच ग्राहकांच्या जोडण्यांची जी नोंद सेवादात्याकडे आपोआप साठत राहते आणि पुढे कधीतरी मागवली जाते, ती दुसरी. आपला फोन, आपले गुगल खाते आणि आपण वापरतो ती ॲप्स यांच्याकडे जमा होणारा इतिहास, ही तिसरी. लोकांना भीती पहिलीची वाटते. माझ्याकडे येणारी कागदपत्रे जवळजवळ नेहमी दुसरीची असतात आणि ज्याला गुन्ह्याच्या तपासात खरा तपशील म्हणता येईल तो बहुधा तिसऱ्या ठिकाणी सापडतो.

अभ्यासिकेच्या राउटरमधून आपली जोडणी आमच्यासारख्या सेवादात्याकडे येते तेव्हा आम्हाला काय दिसते, ते आधी सांगतो. आज बहुतेक सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत, वापरतात. त्यामुळे आपण मराठी विकिपीडियावर नक्षलवादावरील लेख वाचत आहात की पैठणीवरील, हे आम्हाला कळत नाही. जोडणी विकिपीडियाशी आहे एवढेच कळू शकते. तेही दोन कारणांनी. ब्राउझर आधी नावावरून पत्ता शोधतो आणि ही डीएनएस विचारणा सहसा आमच्याच सर्व्हरकडे येते. त्यानंतर सुरक्षित जोडणीची बोलणी सुरू होताना संकेतस्थळाचे नाव एकदा उघडपणे पाठवले जाते. याच उघड्या नावावरून एखादे स्थळ अडवता येते आणि भारतातील एक मोठी मोबाइल कंपनी तसे करत असल्याचे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१९ मध्ये दाखवून दिले होते. हे नावही झाकण्याची नवी पद्धत आता काही ब्राउझर आणि काही स्थळे वापरू लागली आहेत, पण ती सार्वत्रिक झालेली नाही.

येथे परिस्थितीनुसार फरक पडतो. महाविद्यालयाने किंवा कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर त्यांचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवलेले असेल, तर त्यांच्या फायरवॉलला, म्हणजे जाळ्यावरील ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेला, एचटीटीपीएसच्या आतले पानही वाचता येते. आपल्या स्वतःच्या फोनवर, आपण काही बसवून घेतलेले नसेल तर, अभ्यासिकेच्या मालकाला असे करता येत नाही. त्यांच्या राउटरमध्ये फार तर संकेतस्थळांच्या नावांची यादी राहू शकते आणि स्वस्तातल्या राउटरमध्ये तीही फार काळ टिकत नाही.

दिसणे आणि साठवणे यांत मात्र अंतर आहे. परवान्याच्या अटीनुसार आम्हाला जी नोंद ठेवावी लागते तिला आमच्या धंद्यात आयपीडीआर म्हणतात. तिच्यात ग्राहकाची ओळख, त्याला मिळालेला आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) आणि पोर्ट (एकाच पत्त्यावरील वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचा क्रमांक), समोरच्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, सुरू व बंद होण्याची वेळ आणि साधारण किती डेटा गेला-आला एवढे असते. पानाचा पत्ता, शोधलेले शब्द किंवा वाचलेला मजकूर तिच्यात नसतो. पूर्वी ही नोंद एक वर्ष ठेवावी लागत असे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात बदल करून ती मुदत दोन वर्षांची केली. समोरच्या सर्व्हरचा पत्ता पाहून संकेतस्थळ ओळखता येईलच असेही नाही, कारण अनेक संकेतस्थळांची ये-जा हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या एकाच पत्त्यामागे असंख्य स्थळे असतात. म्हणजे आपण दोन वर्षांत काय वाचले याचा ग्रंथ आमच्याकडे नाही, परंतु आपण कोणत्या दिवशी किती वाजता कोणत्या सर्व्हरशी जोडलेले होतात याचा आराखडा आहे, आणि हेच एखाद्या माणसाविषयी बरेच सांगून जाते.

आता ही नोंद प्रत्यक्षात कशी मागवली जाते ते सविस्तर लिहितो, कारण याबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. समजा कोणाच्या तरी नावाने बनावट खाते उघडून पैसे मागितले गेले. तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाते. तेथील अधिकारी समाजमाध्यमाच्या कंपनीकडून त्या खात्याच्या लॉगिनचा आयपी पत्ता मिळवतात, तो पत्ता कोणत्या सेवादात्याचा आहे ते पाहतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ होते, आम्हाला नोटीस पाठवतात. प्रवास गुन्ह्याकडून माणसाकडे होतो. ‘स्फोटकांविषयी वाचणाऱ्या सर्व ग्राहकांची यादी द्या’ अशी मागणी माझ्या टेबलावर आजवर आलेली नाही.

या प्रवासात चुकीच्या माणसाकडे बोट जाण्याच्या जागा मात्र आहेत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरच कमी पडत असल्यामुळे आमच्यासारखे लहान सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. एखाद्या जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि रस्त्यावर उघडणारा दरवाजा एकच असावा, तशी ही रचना आहे. दरवाज्यातून कोणी बाहेर पडले एवढ्यावरून बिऱ्हाड ठरत नाही. बिऱ्हाड ठरवायला पोर्टचा क्रमांक लागतो आणि समाजमाध्यमाच्या कंपनीकडून आलेल्या माहितीत तो अनेकदा नसतो. मग आम्ही ‘या वेळी या पत्त्यावर इतके ग्राहक होते, पोर्ट कळवावा’ असे लेखी उत्तर देतो. दुसरी जागा वेळेची आहे. परदेशी कंपन्यांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. नोटिशीत २०:१० लिहिलेले असेल आणि ते रात्री आठ वाजून दहा मिनिटे म्हणून वाचले गेले, तर खरी वेळ, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाटेची एक वाजून चाळीस मिनिटे, बाजूलाच राहते आणि भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे येते. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत ही वाटावाटी नसते, त्यामुळे तेथे जोडणीपर्यंत पोहोचणे सरळ होते. ते तपासाच्या सोयीचे आहे आणि खासगीपणाच्या दृष्टीने तितकेच उघडे आहे.

आपल्यासाठी तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आहे. आमची नोंद जोडणीपाशी संपते आणि जोडणी असते अभ्यासिकेच्या मालकाच्या नावावर. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या वसतिगृहात किंवा आपल्या अभ्यासिकेत एका वाय-फायवर चाळीस जण बसले असतील, तर आम्ही पोलिसांना एकच नाव देऊ शकतो. त्यापुढचा शोध मालकाच्या नोंदवहीतून किंवा फोन तपासून होतो.

चालू वेळी पाळत ठेवण्याचा कायदा याहून वेगळा आणि कागदावर अधिक कडक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९ आणि त्याखालील २००९ चे नियम यांनुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. आदेश एका वेळी साठ दिवस आणि मुदतवाढ धरून एकूण एकशे ऐंशी दिवसांपर्यंत चालतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० डिसेंबर २०१८ रोजी या कलमाखाली दहा यंत्रणांची नावे जाहीर केली. त्यांत गुप्तवार्ता विभाग, सक्तवसुली संचालनालय, केंद्रीय अन्वेषण विभाग, राष्ट्रीय तपास संस्था आणि दिल्लीचे पोलीस आयुक्तही आहेत. दूरध्वनीसाठी १८८५ च्या तार अधिनियमाची जी चौकट होती तिच्या जागी दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि डिसेंबर २०२४ चे नियम आले आहेत. असा आदेश आला तरी तो ग्राहकाला सांगण्यास आम्हाला मनाई असते आणि सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

या चौकटीत मला दोन कच्चे दुवे दिसतात. आदेशांची फेरतपासणी करणाऱ्या समितीत सचिव दर्जाचे अधिकारीच असतात, न्यायाधीश नसतो. केंद्राकडून महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० दूरध्वनी आदेश निघतात असे २०१३ च्या एका माहिती अधिकार अर्जाच्या उत्तरात म्हटले होते. दोन महिन्यांनी एकदा बसणाऱ्या समितीपुढे याचा अर्थ एका बैठकीला पंधरा ते अठरा हजार प्रकरणे असा होतो आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले होते. इतके कागद एका बैठकीत कोण आणि कसे वाचणार, याचे उत्तर मला सुचत नाही. दुसरा दुवा असा की गृहसचिवांच्या सहीची अट मजकूर ऐकण्या-वाचण्यासाठी आहे. वर सांगितलेली दोन वर्षांची नोंद प्रत्यक्षात पोलीस ठाण्याच्या नोटिशीवर मागवली जाते. पाळतीवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी या नोटिशींवर व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायालयांनी नागरिकाची बाजू घेतलेली नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाच्या दूरध्वनीवरील पाळतीचे केंद्रीय गृह खात्याचे आदेश रद्द करून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्यात मात्र गुन्ह्याचा तपास वगळलेला आहे आणि सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने पूर्ण सूट देण्याची तरतूदही आहे, त्यामुळे या प्रश्नात त्याचा आधार फार मिळत नाही.

सेवादात्याच्या हातून न जाता थेट जोडणी घेणारी सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीम ही सरकारी पाळत यंत्रणा अस्तित्वात आहे, हे सरकारने स्वतः सांगितलेले आहे. तिच्याविरुद्ध २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. तरीही एचटीटीपीएसचे कुलूप अशा यंत्रणेलाही तसेच लागू पडते, हे विसरू नये. आमच्या तारेतून जे वाचता येत नाही ते वरच्या मोठ्या तारेतूनही वाचता येत नाही. आणखी एक खुलासा येथेच करतो, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले तेव्हा अनेकांनी आम्हाला ‘आता आमचे संदेश तपासणार का’ असे विचारले होते. सेवा बंद करणे हा वेगळ्या नियमांखालचा वेगळा आदेश आहे. त्यात आम्ही पुरवठा थांबवतो, त्यातून कोणाचेही काही वाचले जात नाही.

इतर देशांत चित्र फार उजळ आहे असे समजू नये. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने सेवादात्यांना इंटरनेट जोडण्यांची नोंद बारा महिने ठेवायला लावता येईल अशी तरतूद केली आणि ती पाहू शकणाऱ्यांच्या मूळ यादीत अन्नपदार्थांच्या दर्जावर देखरेख करणारी संस्थाही होती. अमेरिकेत पाहिलेल्या संकेतस्थळांच्या इतिहासासाठी वॉरंट सक्तीचे करणारी दुरुस्ती मे २०२० मध्ये सिनेटमध्ये एका मताने पडली.

आता आपल्या मूळ धास्तीकडे येतो. माओवादी संघटनांविषयी किंवा एखाद्या स्फोटाविषयी वाचणे हा गुन्हा नाही; आपल्या अभ्यासक्रमाचाच तो भाग आहे. बंदी असलेल्या संघटनेचे साहित्य बाळगल्याच्या प्रकरणांत मात्र सावध राहावे. केरळातील दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की त्या संघटनेचे काम पुढे नेण्याचा हेतू दिसल्याशिवाय नुसता संबंध किंवा पाठिंबा पुरेसा नाही. परंतु त्यांची अटक नोव्हेंबर २०१९ मधली होती, म्हणजे हा निर्णय यायला जवळजवळ दोन वर्षे लागली, हेही लक्षात घ्यावे. बातम्या, सरकारी अहवाल, संशोधन लेख आणि पुस्तके यांवर अभ्यास होतो. त्या संघटनांची पत्रके फोनमध्ये साठवण्याची किंवा गटात पुढे पाठवण्याची परीक्षेला गरज नाही. केवळ पाहणे हाच गुन्हा ठरतो असा एक विषय मात्र कायद्यात स्पष्ट आहे आणि तो म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री; माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ ख मध्ये ती शोधणे आणि चाळणे हेही शब्द आहेत. त्याची माहितीसुद्धा सहसा सेवादात्याकडून नाही, तर समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडून अमेरिकेतील संस्थेमार्फत भारतात येते. महाराष्ट्र सायबरने २०२० मध्ये सुरू केलेली ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम याच गुन्ह्यांविरुद्ध होती.

चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाणे आपल्यावर गुन्हा दाखल आहे का, न्यायालयात खटला चालू आहे का आणि दिलेला पत्ता खरा आहे का, हे पाहते. आमच्याकडे त्यासाठी आयपीडीआर मागण्याची कोणतीही पद्धत नाही. उमेदवार अडचणीत येतात ते आंदोलनात दाखल झालेला जुना गुन्हा अर्जात लपवल्यामुळे किंवा स्वतःच्या नावाने टाकलेल्या पोस्टमुळे. आपण काय वाचले त्यापेक्षा आपण काय लिहिले आणि पुढे पाठवले हे कोणालाही सहज दिसते; त्याला सेवादाता लागत नाही, गटातल्या कोणीतरी काढलेला एक स्क्रीनशॉट पुरतो.

इनकॉग्निटोविषयी थोडक्यात सांगायचे तर ती खिडकी इतिहास आपल्या फोनवर ठेवत नाही, एवढेच तिचे काम. आमच्याकडे होणारी नोंद तशीच होते. गुगललाही अशा खिडकीतील वापराचा डेटा गोळा केल्याबद्दल अमेरिकेत खटला लढावा लागला आणि २०२४ च्या तडजोडीत तो नष्ट करण्याचे मान्य करावे लागले.

व्हीपीएन वापरले तर आमच्या नोंदीत आपल्या सर्व जोडण्यांऐवजी व्हीपीएनच्या सर्व्हरचा एकच पत्ता येतो. आपण व्हीपीएन वापरता हे दिसते, पुढे कोठे गेलात ते दिसत नाही. मात्र आम्हाला जे दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते, म्हणजे प्रश्न विश्वासाचा होतो. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या भारत सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्यास सांगितले आणि त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले सर्व्हर देशाबाहेर नेले. फुकट व्हीपीएन मात्र मी कोणालाच सुचवत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनाव्हो हे फुकट व्हीपीएन लोक काय वापरतात याची माहिती त्याच कंपनीला पुरवत होते आणि ते २०१९ मध्ये बंद करावे लागले. आपल्या गरजेसाठी, म्हणजे अभ्यासाच्या वाचनासाठी, व्हीपीएनवर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. अभ्यासिकेच्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार करण्याऐवजी स्वतःचा मोबाइल डेटा वापरणे अधिक उपयोगी आहे.

त्यापेक्षा दहा मिनिटे गुगल खात्यातील ‘माय ॲक्टिव्हिटी’ पाहण्यात घालवावीत. तेथे आपण शोधलेले शब्द तारीखवेळेसह, अगदी शब्दशः असतात. आमच्या आयपीडीआरमध्ये जे कधीच नसते ते सगळे येथे असते. तपास यंत्रणा कायदेशीर विनंतीने हे कंपनीकडून मागू शकते आणि आपला फोन उघडा असलेल्या कोणालाही ते विनंतीशिवाय वाचता येते. आपोआप पुसण्याची मुदत तीन महिन्यांवर आणता येते. अभ्यासिकेच्या सामायिक संगणकावर खाते उघडे ठेवून उठून जाणे हा प्रकार मी जितका पाहतो, त्याच्या तुलनेत पाळतीची चिंता खरोखरच मागे पडते.

राहिला आधारचा प्रश्न. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार वापरकर्त्याची ओळख पटवून नोंद किमान एक वर्ष ठेवावी लागते. कायद्यातील सायबर कॅफेची व्याख्या ‘धंद्याच्या ओघात लोकांना इंटरनेट उपलब्ध करून देणारी जागा’ इतकी रुंद आहे की शुल्क घेऊन वाय-फाय देणारी अभ्यासिका तिच्यात बसू शकते, असे माझे वाचन आहे. त्यामुळे मालकांनी ओळखपत्र मागणे गैर नाही आणि वर सांगितलेल्या कारणाने ते आपल्याही हिताचे आहे, कारण चाळीस जणांतून एकाला शोधायची वेळ आली तर नोंदवही नसलेल्या अभ्यासिकेत सर्वांचेच फोन तपासले जाण्याची शक्यता वाढते. परंतु ओळखपत्र म्हणजे आधारच असे त्या नियमांत नाही. महाविद्यालयाचे ओळखपत्र, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो. आधारच द्यायचे असेल तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत उतरवून घ्यावी, तिच्यावर अभ्यासिकेचे नाव आणि तारीख लिहावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्याऐवजी कागदावरच द्यावी.